गावाच्या पोथीचा रुमाल

मी एक जुना खारव्याचा रुमाल आहे. रुमाल म्हटलं की तुम्ही खिशातल्या चिटुकल्या फडक्याचा विचार कराल, मित्रांनो, पण मी तसला नव्हे. दोन हात लांब, दोन हात रुंद, जाडाभरडा, तांबडा. जुने कागद बांधून ठेवायचा रुमाल. आता माझा तांबडा रंग धुळीनं मळलाय, कडेची शिवण उसवलीय आणि पोटाशी जे पांढरं अस्तर होतं, ते ताकासारखं पिवळट झालंय. तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी, विठ्ठल-रखुमाईच्या देवळात, पूर्वेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर एका खुंटीला मी उलटा टांगलेला आहे. उलटा म्हणजे अस्तर बाहेर, तांबडी बाजू भिंतीकडे. असं का, ते सांगायलाच बसलोय.

माझा जन्म चाँदभाई रंगाऱ्याच्या अंगणात झाला असं मी मानतो. सूत कुणी कातलं, माग कुणाचा, हे मला ठाऊक नाही. लोणावळ्याच्या बाजारातून कोऱ्या कापडाचा तुकडा होऊन मी आलो. चाँदभाईनं मला आधी तुरटीच्या पाण्यात बुचकळलं, मग आल नावाच्या झाडाच्या तांबड्या मुळ्या उकळलेल्या हंड्यात. त्या काळी विलायती रंगाची पूड डब्यातून मिळू लागली होती आणि ती चटकन काम करायची. चाँदभाई म्हणाला, "देवळाचं काम हाय. पुडीचा रंग नगं. हा मुळीचा रंग चामडं फाटलं तरी सुटायचा न्हाई."

त्याची बायको मेहमुदा हसली. "चामडं कुणाचं? तुमचं का रुमालाचं?"

"आधी ह्येचं बघू," असं म्हणून त्यानं मला पिळलं आणि पवना नदीच्या काठी झटकलं.

मेहमुदानंच मला अस्तर लावलं. नवा तांबडा रंग कितीही पक्का असला तरी पहिली दोनचार वर्षं हाताला लागतो, मग कागदाला लागणारच, म्हणून तिनं पांढरं मांजरपाट घेतलं आणि बारीक टाके घालून माझ्या पोटाशी शिवलं. मला तेव्हा ते अस्तर टोचायचं. पुढं त्याच अस्तरानं माझ्या जन्माचं सार्थक केलं आणि माझ्या जन्माचं दुःखही त्याच्यावरच उमटलं.

मला रंगवलं गेलं ते एका दगडी पाटीमुळे. ही गोष्ट सन १९२१ ची. पहिलं मोठं युद्ध संपून दोन-अडीच वर्षं झाली होती. आमच्या गावातून तेवीस पोरं पलटणीत गेली होती. सरकारनं चावडीच्या भिंतीत एक पांढरी शुभ्र संगमरवरी पाटी बसवली. त्या दिवशी चावडीपुढं सगळं गाव जमलं होतं. शाळेच्या मास्तरांनी पाटी वाचून दाखवली: या गावातून तेवीस माणसं लढाईला गेली, त्यांपैकी चार जणांनी प्राण दिले.

गर्दीतून सरुबाई पुढं आली. तिचा एकुलता एक भिमा पलटणीबरोबर इराकात बसऱ्याकडं गेला होता, तो आला नव्हता. एक तार आली होती, एवढंच.

"मास्तर, नावं वाचा की."

"नावं नाहीत मावशी. नुसता आकडा आहे."

सरुबाईनं पाटीवर हात ठेवला. दगड गार होता की काय, तिनं तो लगेच काढून घेतला. मग तिनं विचारलं, "मंग माझा भिमा चारातला कितवा?"

त्या दिवशी शाळा लवकर सुटली. संध्याकाळी मास्तर देवळात आले आणि अंबाजीबुवांच्या शेजारी बसून म्हणाले, "बुवा, आपण गावाचा इतिहास लिहायचा. नावांसकट. तेवीसच्या तेवीस. आणि त्यांच्या आधीचेही."

अंबाजीबुवा आमच्या पंचक्रोशीचे कीर्तनकार. त्यांना अक्षरओळख नव्हती, मित्रांनो, पण शेकडो अभंग, आख्यानं, दृष्टांत सगळं कंठात. ते उभे राहिले की देवळाचे खांबही टाळ धरतात असं लोक म्हणायचे. मी त्यांची कितीतरी कीर्तनं ऐकली आहेत. माझ्या धाग्याधाग्यात बुक्का मुरलाय तो त्यांच्याच हातचा. पूर्वरंगात ते हळूहळू चढत जायचे आणि उत्तररंगात आख्यान लावलं की म्हाताऱ्या पदराला डोळे पुसायच्या. माणूस फार मायाळू. त्यांच्या हातून पुढं जे घडलं ते सांगतानाही मला त्यांचा राग येत नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

गावाच्या इतिहासाचं मंडळ असं स्थापन झालं. दर एकादशीला कीर्तन आटोपलं की देवळाच्या ओसरीवर बैठक. मास्तर लिहिणार, बुवा लोकांना बोलतं करणार. पण पहिल्या तीन एकादशा कोरड्या गेल्या. जुने कागद कुणाकडं नव्हते असं नाही. कणगीमागं, आढ्याला, देव्हाऱ्याखाली, घरोघरी मोडीतले कागद होते. पण कोण देतो? जमिनीचा कागद मास्तरांच्या हाती गेला तर तलाठ्याच्या हाती जाईल, तलाठ्याच्या हाती गेला तर भावकीला कळेल! रखमाजी आबा, गावातले वडीलधारे, तोंडावर म्हणाले, "मास्तर, तुमी आज हायसा, उद्या बदलून जाशीला. आमी हितंच ऱ्हानार."

तेव्हा बुवांनी एक युक्ती केली. युक्ती म्हणावी की भाव म्हणावा, मला आजही ठरवता येत नाही. चाँदभाईकडून मला रंगवून आणलं, विठोबाच्या पायांशी पसरलं, वर तुळस ठेवली आणि भर कीर्तनात ते म्हणाले, "बाबांनो, हा रुमाल म्हंजी आपल्या गावाची पोथी. तुमी कागद मास्तरला देत न्हाई, सरकारला देत न्हाई. देवाच्या पायाशी ठेवताय. पोथीतलं पान कुनी चोरतं का?"

पुढच्या एकादशीला सात घरांतून कागद आले.

मग काय सांगू! ती सहा वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. मंडळींनी दसऱ्याला तिकोणा चढून पाण्याची टाकी मोजली, दोरीला गाठी मारून दरवाजाची उंची घेतली. शेतात पालथा पडलेला एक वीरगळ उभा केला. रखमाजी आबांनी शेतांची जुनी नावं सांगितली, ती लिहून घेतली. धोंडाबाईकडं जात्यावरच्या ओव्यांचा साठा होता, पण ती ओसरीवर बसून काही केल्या गाईना. "जातं फिरल्याबिगर गळा सुटत न्हाई," म्हणाली. मास्तर वही घेऊन तिच्या घरी गेले, तर तिनं त्यांनाच खुंट्याला हात लावायला लावला.

"वढा, मास्तर. शाळंत पोरांचं कान वढता तसं."

"मग लिहू कसं, मावशी?"

"त्ये तुमचं तुमी बघा. फुकाट वव्या न्हाईत माझ्याकडं."

मास्तर घामाघूम झाले. पायलीभर नाचणी दळून झाली तेव्हा कुठं अकरा ओव्या पदरात पडल्या. त्यांतली एक सरुबाईसाठी होती, मला अजून आठवते:

तिकोण्याच्या गं माथ्यावरी ढग बसला दमून,
बाळ माझा गं येईना, वाट गेली ती निजून.

हे सगळे कागद माझ्या पोटात येत गेले. तेवीस नावांची यादीही आली. आणि त्या यादीच्या मागोमाग एके दिवशी सरुबाई स्वतः आली.

तिच्याजवळ भिमाचं एक पत्र होतं. एकच. त्यानं बसऱ्याहून पाठवलेलं. भिमा तिसरीपर्यंत शिकलेला, अक्षर वाकडंतिकडं, पण त्याचं स्वतःचं. पोस्टात असते तसल्या, जिभेला लावली की जांभळी उमटणाऱ्या पेन्सिलीनं त्यानं ते लिहिलं होतं. सरुबाईला वाचता येत नव्हतं. ती ते पत्र चोळीत ठेवायची. घामानं त्याची एक कड जांभळी पडली होती. म्हणूनच ती घाबरली होती.

"बुवा, माझ्याजवळ ऱ्हायलं तर पुसून जाईल. हितं ठिवू का?"

"ठिवा मावशी," बुवा म्हणाले. "हितनं कुटं जातंय? देवाच्या पायाशी हाय. मी हाय."

मास्तर म्हणाले, "मी याची नक्कल करतो आणि मूळ पत्र तुम्हाला परत देतो."

ती नक्कल करायची राहून गेली. मित्रांनो, मास्तर आळशी नव्हते. पण नवा कागद आला की तो वाचायची घाई, नवी ओवी कळली की ती गाठायची घाई. जमवण्यात जो आनंद असतो तो उतरवून काढण्यात नसतो. "दिवाळीच्या सुट्टीत बसतो नकलेला," असं मास्तर म्हणायचे. सहा दिवाळ्या गेल्या.

सरुबाईचा मात्र नेम ठरला. एकादशीचं कीर्तन झालं, लोक पांगले, बुवा फराळाला गेले की ती खांबाशी येऊन बसायची. मास्तर माझी गाठ सोडायचे. पत्र सगळ्यात वर, माझ्या अस्तराला लागून ठेवलेलं असायचं, म्हणजे म्हातारीला थांबावं लागू नये. मास्तर ते तिच्या कानाशी हळू आवाजात वाचायचे. ती मान हलवायची. वाचून झालं की विचारायची, "आनि?" मास्तर म्हणायचे, "एवढंच, मावशी." दर खेपेला ती "आनि?" विचारायची. त्या पत्रात काय होतं ते तिला, मास्तरांना आणि मला, तिघांनाच ठाऊक होतं.

सन १९२७ मध्ये मास्तरांची बदली झाली. रखमाजी आबा म्हणाले होते तसंच. जाताना मास्तरांनी माझी गाठ घट्ट मारली आणि बुवांना म्हणाले, "सुट्टी मिळाली की कागद-शाई घेऊन येतो. महिनाभर राहतो. सगळ्याची नक्कल करून टाकतो." नवे मास्तर आले ते शेजारच्या गावाहून रोज चालत यायचे आणि घंटा झाली की परत जायचे. त्यांना मंडळाशी देणंघेणं नव्हतं.

माझी गाठ कुणी सोडेना. वाचणारं कुणी नव्हतं ना! पण पूजा वाढली. वाचन थांबलं की पूजा वाढते, हे मी स्वतःवरून सांगतो. रोज माझ्यावर गंध, फूल, तुळस. ओली फुलं माझ्यावर कुजायची. नैवेद्याचा कण सांडायचा, त्या कणाला मुंगी यायची, मुंगीमागं उंदीर. आतल्या कागदांना कसर लागली. मी आतून पोखरला जात होतो आणि वरून माणसं मला हात जोडत होती. मला तोंड असतं तर ओरडलो असतो, "अरे बाबांनो, नमस्कार पुरे, एकदा उन्हात घाला रे मला!" सरुबाई एकादशीला यायची, खांबाशी बसायची, माझ्याकडं बघायची आणि ओठ हलवायची. पत्र तिला तोंडपाठ झालं होतं. पण पाठ असणं वेगळं आणि लेकराच्या हातचं अक्षर डोळ्यांपुढं असणं वेगळं. ते तिला वाचता येत नव्हतं, तरी दिसत होतं.

दोन वर्षांनी श्रावणात गुरांत बुळकांडी शिरली. हा रोग तुम्ही पाहिला नसेल तर बरंच आहे. दावणीचा बैल सकाळी मान टाकतो आणि संध्याकाळपर्यंत जातो. महिन्याभरात गावातली निम्मी गुरं ओढून टाकावी लागली. गिधाडांची सावली अंगणावरून हलेना. नवस झाले, उतारे झाले. आणि गोकुळाष्टमीला देऊळ झाडताना रखमाजी आबांनी मला उचललं, तेव्हा माझ्या कोपऱ्यातून कागदाचा भुगा सांडला.

आबा तिथंच थबकले. संध्याकाळी देवळात सगळे जमले तेव्हा ते बोलले. "बुवा, पोथी खंडित झालीया. उंदरानं खाल्लीया. खंडित पोथी देवळात ठिवत न्हाईत, आपल्या वाडवडलांनी सांगितलंय. आपन ठिवली. माझी जोडी गेली. आता काय म्हनायचं?"

मित्रांनो, ही चाल तुम्हालाही ठाऊक असेल. पोथी जीर्ण झाली, पानं गळाली, की ती टाकत नाहीत, जाळत नाहीत. सन्मानानं नदीत सोडतात. फार सुंदर चाल आहे. पण मी पोथी नव्हतो. मी कागदांचा रुमाल होतो, आणि ते कागद दुसरीकडं कुठंही नव्हते.

हे एक वाक्य बोलायचा अधिकार एकाच माणसाला होता. सगळे अंबाजीबुवांकडं बघत होते. बुवांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं, कारण आठ वर्षं मी त्यांच्या पायांशी होतो. "ही पोथी नव्हं" असं म्हणावं, तर आठ वर्षं भर कीर्तनात जे सांगितलं ते खोटं ठरतं. लोकांनी नैवेद्य कशाला दाखवला? ज्यांनी देव म्हणून कागद दिले, त्यांना बुवांनी फसवलं? आणि गोठे रिकामे झालेल्या माणसांना हे आज सांगायचं?

तेवढ्यात सरुबाई उठली. बायकांच्या बाजूनं ती पुढं आली आणि बुवांपुढं पदर पसरून उभी राहिली.

"बुवा, सोडायचं तर सोडा. पर त्यात माझ्या भिमाचं पत्र हाय. वरच हाय. तेवढं काडून द्या."

"मावशी," आबा म्हणाले, "देवाला वाहिलेलं माघारी घ्येत न्हाईत. गाठ सोडली तर आनि काय इघ्न यील?"

"आबा, तुमचं बैल ग्येलं त्ये मला दिसतंय. माझं प्वार ग्येलंय."

"कुनाचं न्हाई ग्येलं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"बुवा, तुमी म्हनालावता, मी हाय म्हनून."

बुवांच्या हातात चिपळ्या होत्या. त्यांच्या बोटांना कंप सुटला होता, त्यानं चिपळ्यांचा आपोआप बारीक आवाज येत होता. लोकांना वाटलं बुवा गजर सुरू करतायत. कुणीतरी मृदंगावर थाप मारली. बुवांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "देवाचं देवाकडं. रामकृष्ण हरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पाटावर ठेवून मिरवत नेलं. पुढं टाळ, मागं बायका. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. माझ्या गाठीत एक दगड घातला, बुडावा म्हणून. पवना पावसानं भरून चालली होती. बुवांनीच मला पाण्यात सोडलं. शेवटचं मी पाहिलं ते सरुबाईला. ती मिरवणुकीत नव्हती. ती वर, बांधावर, हात सोडून उभी होती.

पाण्यात काय झालं ते थोडक्यात सांगतो, मला ते आठवायला नको वाटतं. दगड निसटला. मी वाहत गेलो आणि खालच्या अंगाला करंजाच्या मुळ्यांत अडकलो. मोडीतले जुने कागद, त्यांची शाई काजळाची. ती आधी सुटली, काळी धार लागली. मग कागदांचा लगदा झाला. शेतांची नावं, किल्ल्याची मापं, धोंडाबाईच्या अकरा ओव्या, तेवीस पोरांची यादी, सगळं माझ्या कडांमधून वाहून गेलं आणि मी नुसता अडकून राहिलो. माझा तांबडा रंग तेवढा सुटला नाही. चाँदभाईचा शब्द खरा झाला.

नवव्या दिवशी पाणी ओसरलं. चाँदभाई कापड धुवायला उतरला आणि त्यानं मला ओळखलं. आपल्या हातचं काम माणूस विसरत नाही. त्यानं मला झटकलं, लगदा गळून पडला आणि माझं अस्तर उघडं झालं. त्यावर जांभळे डाग होते. चाँदभाईला वाचता येत नव्हतं, पण डाग आणि अक्षर यातला फरक रंगाऱ्याला कळतो. तो मला घेऊन आधी देवळात गेला. बुवा बसले होते.

"बुवा, पोथीचा रुमाल घावला."

बुवांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. "सोडलेलं परत देवळात घेत न्हाईत, चाँदभाई."

"मंग कुनाला देऊ?"

चाँदभाईनं मला सरुबाईच्या दारात नेऊन ठेवलं. "मावशी, ह्यात कायतरी उमटलंय बघा," एवढं म्हणून तो निघून गेला. सरुबाईनं मला वाळवलं, घडी घातली आणि उशाशी ठेवलं.

दिवाळीच्या सुट्टीत मास्तर आले.

त्यांच्या काखेत दोन दस्ते कोरे कागद होते, हातात शाईची बाटली. घामेजून, हसतमुखानं ते देवळात शिरले आणि म्हणाले, "बुवा, महिनाभराची रजा काढलीय! रुमाल कुठं आहे?"

बुवा उभे राहिले. शेवटी रखमाजी आबांनीच खाली बघत सगळं सांगितलं. मास्तरांनी बाटली हळूच ओसरीवर ठेवली. ती फुटू नये याची त्यांनी काळजी घेतली, हे मला नंतर कळलं.

मग कागद-बाटली उचलून मास्तर सरुबाईकडं आले. बुवा मागोमाग आले, पण उंबऱ्याबाहेर थांबले. सरुबाईनं मला मास्तरांच्या मांडीवर पसरलं. अस्तरावरची अक्षरं उलटी होती. पत्र ओलं होऊन माझ्यावर दाबलं गेलं होतं ना! मास्तरांनी विचारलं, "घरात आरसा आहे का?" कोनाड्यात भिमाचा आरसा होता, पत्र्याच्या चौकटीचा, मिशा कोरायचा. तो पलटणीत जाताना तसाच राहिला होता आणि चौदा वर्षांत त्यात कुणी तोंड पाहिलं नव्हतं. सरुबाईनं पदरानं तो पुसला. मास्तर आरसा माझ्यासमोर धरून एकेक अक्षर लावत गेले.

"दोनच शब्द लागतात, मावशी. डोंगर नाही."

"आनि?" सरुबाईनं विचारलं.

"एवढंच, मावशी."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "व्हय. तसं व्हतं त्यात. तिकडं डोंगर न्हाई म्हनं, समदं सपाट. नजर कुटं टेकवावी कळत न्हाई, आसं लिवलंतं त्यानं."

मास्तरांनी घाईनं दस्ता सोडला, बाटलीचं बूच काढलं. "मावशी, तुम्हाला सगळं पाठ आहे. मलाही बरंच आठवतंय. आत्ता, इथंच लिहून घेतो. सांगा."

"न्हाई."

"मावशी..."

"न्हाई, मास्तर. तुमी लिवून घ्येनार. मंग ते रुमालात बांधनार. मंग द्येवाम्होरं ठिवनार. फुलं वाहनार. आनि पुन्यांदा कुनीतरी पवनंला न्हेनार. आता ऱ्हायलंय त्ये माझ्याच जवळ ऱ्हाऊ द्या. तुमाला जे याद असंल, त्ये बी तोंडातनं काडू नगा. भिमाची आन हाय."

उंबऱ्याबाहेर बुवा खाली बसले. मास्तरांनी बाटलीला बूच लावलं. दुसऱ्या दिवशी ते परत गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत. कोरे कागद शाळेत ठेवून गेले. पोरांनी त्यांचे पतंग केले.

त्यानंतर आठ वर्षं दर एकादशीला कीर्तन संपलं की अंबाजीबुवा सरुबाईच्या ओसरीवर येऊन बसायचे. फराळ करायचे नाहीत. काही मागायचे नाहीत. ती आत, ते बाहेर. पहिली दोन वर्षं तिनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. मग एकदा तांब्या बाहेर आला. बोलणं कधीच झालं नाही. बुवांची कीर्तनं चालू होती, पण त्यांनी आख्यान लावणं सोडलं होतं. नुसता नामाचा गजर करायचे. लोक म्हणायचे, बुवा म्हातारे झाले.

सन १९३८ च्या माघात सरुबाईनं अंथरूण धरलं. धोंडाबाई उशाशी होती. सरुबाईनं बुवांना आत बोलावलं, पहिल्यांदाच. मला वाटलं, आता सांगते. बुवांनाही तेच वाटलं असावं. एकदा ऐकलेलं ते विसरत नसत, त्यांनी कान तिच्या तोंडाशी नेला.

ती म्हणाली, "बुवा, ह्यो रुमाल माझ्यासंगं जाळू नगा."

"न्हाई, मावशी."

"डोंगर न्हाई म्हनून त्यानं लिवलं. त्याला डोंगर दिसंल आशा जागी टांगा."

"टांगतो, मावशी. आनि?" बुवांनी विचारलं.

"येवढंच."

पत्र तिच्याबरोबर गेलं; भिमाची आन मीही पाळतो.

बुवांनी तिचं ऐकलं. सोडलेली वस्तू देवळात घेत नाहीत हा नियम ज्यांनी स्वतः सांगितला होता, त्यांनी स्वतःच्या हातानं पूर्वेच्या खिडकीसमोरच्या भिंतीत खुंटी ठोकली आणि मला अस्तर बाहेर करून टांगलं. त्या खिडकीतून तिकोणा समोर दिसतो. रखमाजी आबा तिथंच होते, पण कुणी हरकत घेतली नाही. पुढच्याच वर्षी बुवाही गेले.

तेव्हापासून मी तिकोण्याकडं तोंड करून आहे. मधल्या काळात दुसरं युद्ध आलं आणि गेलं. देहूरोडला लष्कराची कोठारं उभी राहिली, आमची पोरं तिकडं कामाला लागली, काही थेट पलटणीत गेली. त्यांतली काही परत आली नाहीत. किती आणि कोण, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. मंडळ पुन्हा कुणी काढलं नाही. चावडीवरची पाटी मात्र अजून तशीच पांढरीशुभ्र आहे, आकड्यांसकट.

मित्रांनो, माझा निरोप लहानसा आहे. देवापुढं जे ठेवायचं ते जरूर ठेवा, पण आधी वाचा, आणि वाचलं की त्याच दिवशी दुसऱ्या कागदावर उतरवून काढा. सुट्टीची वाट बघू नका. वर्षातून एकदा गाठ सोडून उन्हात घाला. आणि ज्या म्हातारीचा कागद आहे, तिनं परत मागितला, तर सगळं गाव काय म्हणेल याचा विचार न करता गाठ सोडा.

सकाळचं ऊन या खिडकीतून थेट माझ्या अस्तरावर पडतं. जांभळा रंग उन्हाला टिकत नाही. 'नाही' हा शब्द गेल्या उन्हाळ्यात उडाला. 'डोंगर' अजून आहे, पण त्याचा पहिला 'डो' आता डागासारखाच दिसतो. तुमच्यापैकी कुणी या बाजूला आलंच, तर येताना एक आरसा आणा आणि एक पेन्सिल. हात जोडू नका. आरसा धरा आणि लिहून घ्या.